पगाराची वरात : इ. स. २०२१-२२ चा एस. टी. संप, वणीच्या वाटेवरून पाहिलेला

वणी हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस मुख्यतः एका लढाईमुळें परिचित आहे. इ. स. १६७० च्या ऑक्टोबरांत शिवाजीमहाराज सुरत दुसऱ्यांदां लुटून बागलाणच्या वाटेनें परतत असतां दाऊदखान कुरेशीनें त्यांस गांठलें, आणि ता. १७ रोजीं वणी-दिंडोरीच्या परिसरांत मोठी लढाई होऊन मोगलांचा मोड झाला. सुरतेचा ऐवज सुखरूप पार पडला. या लढाईवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे व त्यांत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तो ऐवज कोणासाठीं व कशासाठीं चालला होता, हा प्रश्न मात्र आमच्या विषयाच्या मुळाशीं आहे. तो सरकारी खजिन्यांत भरणा व्हावयाचा होता, आणि त्या खजिन्यांतून ज्या अनेक गोष्टी चालत त्यांत चाकर माणसाचा पगार ही पहिली होती.

याच वणीच्या वाटेवर शके १९४३ च्या दिवाळीपासून शके १९४४ च्या चैत्रापर्यंत महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची गाडी बहुतांशीं दिसली नाहीं. चालक व वाहक संपावर गेले होते. हा विषय या पानांत कशास, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. शिलालेख व बखरी यांच्या पंक्तीस काल-परवांचा संप बसविणें त्यांस रुचणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पगाराच्या कागदांवर आपण सर्वांनीं आयुष्याचा पुष्कळ काळ घालविला आहे. हजिऱ्या, झाडे, थकबाक्यांच्या यादी, तगाद्यांचीं पत्रें हेंच आपल्या दप्तरांतील अर्धें धन आहे. तें वाचण्याची संवय ज्यास आहे, त्यास या संपांतील एक गोष्ट इतरांहून लौकर कळावी असें आम्हांस वाटतें. ती गोष्ट म्हणजे, सरकारनें पगार भरीव वाढविल्यावरहि हजारों माणसें कामावर गेलीं नाहींत. वृत्तपत्रांनीं याचें कारण पुढाऱ्यांच्या चिथावणींत शोधलें. आम्हांस तें वरातीच्या स्वरूपांत दिसतें.

वरात हा शब्द आतां लग्नापुरता उरला आहे. दप्तरांतील वरात म्हणजे अमुक परगण्याच्या अगर महालाच्या उत्पन्नांतून अमुक रक्कम अमक्यास द्यावी अशी चिठी. सभासदानें आपल्या बखरींत (शके १६१९) महाराजांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तींत लष्करास व कारकुनांस गांव मोकासा देऊं नयेत, जें द्यावयाचें तें वरातेनें अगर खजिन्यांतून रोख द्यावें, असा कटाक्ष आहे. स्वारीहून परत आल्यावर आणलेल्या जिनसांचा हिशेब होई व तो पगाराच्या बाकींत वजा घातला जाई. म्हणजे चाकराचा संबंध थेट सरकाराशीं. रयतेशीं अगर जमिनीच्या तुकड्याशीं नव्हे. या पद्धतीचे गुण इतिहासकारांनीं सांगितले आहेत. परंतु वरात आणि रोख यांतील भेद चाकराच्या बाजूनें फारसा कोणीं तपासलेला नाहीं. खजिन्यांतील रोख मिळाली म्हणजे मिळाली. वरात हातीं आली तरी ज्या महालावर ती असे तेथें पाऊस पडला आहे कीं नाहीं, लुटालूट झाली आहे कीं काय, पूर्वीच्या वराती त्याच महालावर किती चढल्या आहेत, यावर तिची किंमत अवलंबून असे. कागद सरकारी, शिक्का सरकारी, आणि पैसा मात्र नशिबाचा.

महाराजांच्या मागें मोकासे व सरंजाम सुरू झाले आणि ही व्यवस्था मोडली. पेशवाईच्या उत्तरार्धांत तर पगार हा राज्यकारभाराचा कायमचा व्याधि झाला. रोजमुरा म्हणून खर्चास कांहीं देत राहावें, चढलेली बाकी पुढें ढकलीत जावें, आणि स्वारीचा प्रसंग आला कीं लोकांनीं अडून बसावें, हा क्रम ठरून गेला. इ. स. १७७३ च्या ३० ऑगस्टला गारदी शनिवारवाड्यांत शिरले, तेव्हां त्यांच्या तोंडीं थकलेल्या पगाराचाच तगादा होता. नारायणरावाच्या खुनाचा कट निराळा, हें खरें. पण तो ज्या गलबल्याखालीं झांकतां आला तो गलबला रोजचा झाला होता म्हणूनच झांकतां आला. इ. स. १७८७ च्या जुलैंत लालसोटच्या लढाईनंतर महादजी शिंद्यांच्या छावणींतील हिंदुस्थानी पलटणें तोफांसह उठून जयपुरवाल्यांकडे गेलीं. त्यांचेंहि पगाराचेंच दुखणें होतें. महादजीसारख्या पुरुषास त्या दिवसांत जी माघार घ्यावी लागली, ती रणांगणावरील पराभवामुळें जितकी, तितकीच या न दिलेल्या पैशामुळें घ्यावी लागली.

दौलतराव शिंद्यांच्या छावणींत ब्रौटन नांवाचा इंग्रज अधिकारी इ. स. १८०९ मध्यें होता. त्याचीं पत्रें पुढें १८१३ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. पगारासाठीं बसविलेल्या धरण्यांचा उल्लेख त्यांत येतो. धरणें धरणाऱ्यानें दारांत उपाशी बसावें आणि तो बसला आहे तोंपर्यंत घरधन्यानेंहि अन्नास शिवूं नये, हा त्या विधीचा कणा होय. म्हणजे धरणें ही नुसती अडवणूक नव्हे. मागणारा व देणारा एकाच नात्यांत बांधलेले आहेत, व तूं उपाशी तर मीहि उपाशी, हें त्यांत गृहीत धरलें आहे. इंग्रजांनीं हें नातें ओळखलें नाहीं असें म्हणवत नाहीं. इ. स. १८६० च्या दंडसंहितेंत ५०८ व्या कलमाखालीं पहिलेंच उदाहरण धरणें धरून बसणाऱ्याचें दिलेलें आहे, आणि मराठी-हिंदुस्थानी शब्दच तेथें जसाच्या तसा घेतला आहे. हा कायदा २०२४ च्या १ जुलैस नवी संहिता लागू होईपर्यंत चालूच होता. तेव्हां मुंबईच्या आझाद मैदानावर बसलेल्या एस. टी. च्या माणसांच्या डोक्यावर तो होता म्हणावयास हरकत नाहीं. अर्थात् तें कलम दैवी कोपाची भीति घालणाऱ्यासाठीं आहे, पगार मागणाऱ्यासाठीं नाहीं.

आतां एस. टी. कडे वळूं. ता. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी गाडी धांवली. पुढें इ. स. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखालीं हें खातें स्वतंत्र महामंडळाच्या स्वरूपांत चालूं लागलें. महाराष्ट्र राज्य झाल्यावर नांव बदललें, स्वरूप तेंच राहिलें. या एका फरकांत पुढील सर्व भांडणाचें बीज आहे. गाडी सरकारची, मंत्री सरकारचा, तिकिटाचा दर सरकारच्या संमतीनें ठरावयाचा, सवलती सरकारनें जाहीर करावयाच्या. आणि चालक-वाहक मात्र सरकारी नोकर नव्हेत, महामंडळाचे नोकर. त्यांचा पगार वेतन आयोगानें ठरत नाहीं, संघटनांशीं ठराविक मुदतीनें होणाऱ्या करारानें ठरतो. आणि तो द्यावयाचा मुख्यतः तिकिटांच्या उत्पन्नांतून. जुन्या भाषेंत सांगावयाचें तर तो हुजूर खजिन्यांतील रोख पगार नव्हे. ती वाटेवरच्या उत्पन्नावर काढलेली वरात आहे.

खुद्द सरकारी नोकरांनींहि महाराष्ट्रांत मोठे संप केले आहेत. ता. १४ डिसेंबर १९७७ पासून चाललेला चोपन्न दिवसांचा संप जुन्या लोकांच्या आठवणींत आहे. मार्च २०२३ मध्यें जुन्या निवृत्तिवेतनासाठीं सात दिवसांचा संप झाला. पण त्या दोन्ही वेळीं, पगार मुळांत येईल कीं नाहीं हा प्रश्न कोणास पडला नव्हता. किती यावा, व निवृत्तीनंतर काय यावें, एवढाच वाद होता. एस. टी. चें तसें नाहीं. इ. स. २०१७ च्या दिवाळींत चार दिवसांचा संप झाला. उच्च न्यायालयानें तो बेकायदा ठरविल्यावर मिटला. जून २०१८ मध्यें ४,८४९ कोटींची वाढ जाहीर झाली, तरी ती अपुरी म्हणून आगाऊ नोटीस न देतां दोन दिवस गाड्या उभ्या राहिल्या. या दोन्ही संपांत कराराची रक्कम हाच विषय होता. मग कोविडची सांथ आली. मार्च २०२० पासून गाड्या थांबल्या, नंतर धांवूं लागल्या त्या रिकाम्या, आणि ज्या उत्पन्नावर वरात होती तें उत्पन्नच नाहींसें झालें. पगार दोन दोन महिने थकले. नोव्हेंबर २०२० मध्यें सरकारला पगारासाठीं म्हणून एक हजार कोटींचें साह्य जाहीर करावें लागलें. सुमारें ब्याण्णव हजार कर्मचाऱ्यांस आपला पगार कोठून येतो हें तोंपर्यंत माहीत नव्हतें असें नाहीं, परंतु त्या वर्षानें तें त्यांच्या स्वयंपाकघरांत आणून दाखविलें.

२०२१ च्या २७ ऑक्टोबरला कृति समितीचें बेमुदत उपोषण सुरू झालें. दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ता. २८ रोजीं, महागाई भत्ता २८ टक्के व घरभाडें सरकारी नोकरांप्रमाणें देण्याचें परिवहनमंत्र्यांनीं मान्य केलें आणि समितीनें उपोषण मागें घेतलें. दिवाळी आठवड्यावर होती. प्रघाताप्रमाणें येथें गोष्ट संपावयास पाहिजे होती. ती संपली नाहीं. कांहीं आगारांतून गाड्या बाहेर पडल्याच नाहींत. दिवाळीनंतर त्यांची संख्या वाढत गेली, व नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यांतील सुमारें अडीचशें आगारांपैकीं बहुतेक सर्व बंद झालीं. मागणी आतां एकच होती, महामंडळाचें शासनांत विलीनीकरण.

हा निर्णय कोणीं घेतला? मान्यताप्राप्त संघटनेनें घेतला नाहीं. तिनें तर तडजोड केली होती. कनिष्ठ वेतनश्रेणीची संघटना पुढें आली, वकील आले, राजकीय पक्षांचे आमदार मैदानावर बसले, हें सर्व खरें. परंतु ता. २४ नोव्हेंबरच्या वेतनवाढीनंतर ते आमदार निघून गेले, तरी संप चालू राहिला. ता. २० डिसेंबरला त्या कनिष्ठ संघटनेच्या अध्यक्षांनीं मंत्र्यांसमोर संप मागें घेतल्याचें जाहीर केलें, तरीहि संप चालू राहिला. दोन महिन्यांत पुढाऱ्यांच्या तीन थरांनीं हात काढला आणि खालचा माणूस हलला नाहीं. पेशवाईंतील कागद वाचणाऱ्यांस हें दृश्य अगदींच नवें वाटूं नये. सरदाराशीं कारभाऱ्यांनीं हिशेब ठरवावा, आणि पथकांतील लोकांनीं रक्कम पदरांत पडल्याखेरीज धरणें सोडूं नये, हा प्रकार तेथें वारंवार आढळतो. तात्पर्य, निर्णय आगाराच्या फाटकाशीं होत होता. रोज सकाळीं, एकेका माणसाकडून.

त्या माणसापुढें हिशेब काय होता तो पाहूं. त्या वेळीं लागू असलेल्या इ. स. १९३६ च्या वेतन अधिनियमाप्रमाणें दहा अगर अधिक कामगारांनीं संगनमतानें, विना नोटीस गैरहजर राहिल्यास एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल आठ दिवसांपर्यंतचा पगार कापतां येत असे. नव्या कर्मचाऱ्याचें मूळ वेतन १२,०८० रुपये. त्यावर २८ टक्के महागाई भत्ता व १६ टक्के घरभाडें धरल्यास महिन्याचे १७,३९५ रुपये होतात. यांतून आठ दिवसांचे सुमारें ४,६०० गेले तर घरांत काय उरतें हें सांगावयास नको. पुढें निलंबन, रोजंदारांची सेवासमाप्ति, बदली, बडतर्फी असा क्रम लागला; बडतर्फांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. उलट बाजूस, कामावर जावें तर गाडीवर दगड पडण्याची भीति आणि सोबत्यांचें तोंड चुकवीत फिरण्याची पाळी. चालक व वाहक ही जोडी असते, एकटा हजर झाल्यानें गाडी निघत नाहीं. म्हणजे एकाच्या निर्णयांत दुसऱ्याचा निर्णय अडकलेला, ही या नोकरीची खोंच गिरणीकामगाराच्या संपांत नाहीं.

आतां ता. २४ नोव्हेंबरची वाढ. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांस मूळ वेतनांत ५,०००, दहा ते वीस वर्षें झालेल्यांस ४,०००, व त्याहून जुन्यांस २,५०० रुपये. पगार दरमहा दहा तारखेच्या आंत देण्याचें वचनहि सोबत होतें. नव्या माणसाचा आंकडा १७,३९५ वरून २४,५९५ वर गेला; म्हणजे शेंकडा एक्केचाळीस. एस. टी. च्या इतिहासांत एका घोषणेनें एवढी वाढ झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. सामान्य हिशेबानें त्याच आठवड्यांत संप मोडावयास हवा होता. कांहीं ठिकाणीं लोक परतले; बहुसंख्य परतले नाहींत.

कारण या वाढीनें वरात मोठी झाली, पण ती वरातच राहिली. ज्या महालाचें उत्पन्न बुडालें आहे त्यावरील चिठींत हजारांऐवजीं दीड हजार लिहिले म्हणून शिलेदाराचा विश्वास बसत नसे. दहा तारखेच्या आंत पगार देऊं, या वचनाचाच अर्थ असा कीं, तो दहा तारखेच्या आंत येईल ही गोष्ट वचनावांचून खात्रीची नाहीं. विलीनीकरण मागणारा वाहक हुजूर खजिन्याच्या वहींत आपलें नांव मागत होता. त्यांत निवृत्तिवेतनाचाहि मोठा भाग होता. सरकारी शिपायास म्हातारपणीं जें मिळतें व एस. टी. च्या चालकास जें मिळतें, त्यांतील अंतर खेडोपाडीं सर्वांस ठाऊक आहे. वाढीची श्रेणीहि आम्हांस विचित्र वाटते. ज्यांचें निवृत्तीचें वय जवळ आलें, बडतर्फ झाल्यास ज्यांची आयुष्याची कमाई धोक्यांत, त्यांस सर्वांत कमी. आणि ज्यांस सर्वांत अधिक, ते तरुण विलीनीकरणासाठीं सर्वांत हट्टी. ज्यानें ही रचना केली त्याच्या मनांत कनिष्ठ वेतनाचा अन्याय दूर करणें हाच हेतु असावा, तथापि फाटकापाशीं तिचा परिणाम निराळा झाला.

सरकारची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. महामंडळाचा संचित तोटा बारा हजार कोटींच्या घरांत होता. एक महामंडळ शासनांत घेतलें तर इतर महामंडळांचे लोक दारांत येऊन उभे राहणार, ही भीति खोटी नव्हती. उच्च न्यायालयाच्या आदेशानें ता. ८ नोव्हेंबरला मुख्य सचिवांची त्रिसदस्य समिति नेमली गेली. तिनें विलीनीकरण शक्य नाहीं असा अभिप्राय दिला व तो मार्च २०२२ मध्यें विधानसभेपुढें ठेवण्यांत आला. आणि रयतेचें काय? कोविडपूर्वीं रोज सुमारें ६५ लक्ष उतारू या गाड्यांनीं जात. सुरगाणा-कळवणकडील पाड्यांतून शाळेस, दवाखान्यास, बाजारास येणाऱ्यास दुसरें वाहन म्हणजे कोंबून भरलेली जीप. ज्यांनीं हा संप डोळ्यांनीं पाहिला त्यांस त्या जिपा विसरतां येणार नाहींत. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ताहि त्याच महिन्यांत एकामागून एक येत होत्या. दोन्ही बाजूंचीं दुःखें एकाच तराजूंत घालून कोणतें जड, हें ठरविण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं.

वणीची स्थिति या सर्वांत निराळी आहे, व तिच्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतों. वणीस एस. टी. चें स्थानक आहे, आगार नाहीं. नाशिक विभागाचीं आगारें नाशिक, पिंपळगांव बसवंत, कळवण, पेठ, सटाणा, मनमाड वगैरे ठिकाणीं. म्हणजे वणीच्या फलाटावर गाडी लागेल कीं नाहीं, याचा निर्णय वणींत होत नव्हता. तो कळवणच्या, पिंपळगांवच्या, नाशिकच्या फाटकाशीं होई. स्थानक असलें तरी गांवास संपांत मत नव्हतें, नुसती वाट पाहणें होतें. वणीची देवी म्हणून सारा महाराष्ट्र जिला ओळखतो ती सप्तशृंगीहि वस्तुतः वणींत नाहीं. गड कळवण तालुक्यांत, वणी दिंडोरी तालुक्यांत. पायथा नांदुरीचा. नांव मात्र वणीचें. यात्रेच्या दिवसांत नांदुरीपासून गडावर जाणाऱ्या घाटांत खाजगी वाहनांस बंदी असते व भाविकांची चढ-उतार एस. टी. च्या गाड्यांनीं होते. या एका व्यवस्थेमुळें लालपरीचा चालक हा तेवढ्या दिवसांपुरता गडाच्या यात्रेचा खरा मानकरी ठरतो.

आतां तिथींचा मेळ पाहा. ता. ७ एप्रिल २०२२ रोजीं, चैत्र शुद्ध षष्ठीस, उच्च न्यायालयानें सर्व कर्मचाऱ्यांनीं ता. २२ पर्यंत कामावर रुजू व्हावें, त्यांस नोकरींतून काढूं नये, असा आदेश दिला. ता. १० ला रामनवमी. त्या दिवसापासून गडावरील चैत्रोत्सव सुरू होतो आणि चैत्री पौर्णिमेस, म्हणजे त्या वर्षीं ता. १६ स, त्याची समाप्ति. कोविडमुळें मागील दोन वर्षें यात्रा भरलेली नव्हती. खानदेशांतून उन्हांतान्हांत पायीं येणाऱ्यांची गर्दी दोन वर्षांच्या खंडानंतर लोटावयाची होती. म्हणजे न्यायालयाचा आदेश यात्रेपूर्वीं तीन दिवस, आणि त्यानें दिलेली मुदत यात्रेनंतर सहा दिवस. कळवणच्या अगर नाशिकच्या चालकास कायद्यानें घाई नव्हती. देवीच्या यात्रेस मात्र होती. शिवाय ता. ८ ला मुंबईंत ज्येष्ठ नेत्याच्या निवासस्थानावर जो प्रकार झाला, त्यानें संपाविषयींची लोकांची सहानुभूति एका दिवसांत ओसरली. अशा आठवड्यांत प्रत्येकानें काय ठरविलें व कां, हें त्या त्या आगाराच्या हजेरीपटांत तारखेवार उतरलेलें असलें पाहिजे.

एस. टी. चे संप सणाच्या तोंडावर येतात, ही तक्रार जुनी आहे. २०१७ चा ऐन दिवाळींत, २०२१ चा दिवाळीच्या आठवडाभर आधीं, २०२४ चा गणेशचतुर्थीपूर्वीं चार दिवस. यांत दुष्टावा पाहणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, मराठ्यांच्या फौजाहि श्रावणांत बाकीसाठीं अडून बसत नसत. दसऱ्याचें सीमोल्लंघन जवळ आलें, सरदारास माणूस हवें झालें, म्हणजे तगाद्यास धार येई. चाकराची किंमत ज्या दिवशीं धन्यास कळते तोच दिवस तो निवडतो.

ता. २२ एप्रिलपर्यंत बहुतेक कर्मचारी परतले. विलीनीकरण मिळालें नाहीं. बडतर्फ झालेल्यांस परत घेण्यांत आलें. साडेपांच महिन्यांचा पगार गेला. पुढील दोन गोष्टी नमूद करून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली सप्टेंबर २०२४ ची. ता. ३ ला पुन्हां संप सुरू झाला व ता. ४ ला सह्याद्रि अतिथिगृहांतील बैठकींत मिटला. मूळ वेतनांत सरसकट ६,५०० रुपयांची वाढ एप्रिल २०२० पासून धरावयाची ठरली. ज्यांस पूर्वीं ५,००० मिळाले होते त्यांस १,५००, ज्यांस ४,००० त्यांस २,५००, आणि ज्यांस २,५०० त्यांस ४,०००. वाचकांनीं बेरीज करून पाहावी. २०२१ च्या नोव्हेंबरांत ज्या तीन पायऱ्या पाडल्या होत्या त्या तीन वर्षांनीं बुजविल्या गेल्या, व जुना-नवा सारखा झाला. दुसरी गोष्ट एप्रिल २०२५ ची. त्या महिन्यांत कर्मचाऱ्यांच्या हातीं मार्चच्या पगारापैकीं ५६ टक्केच रक्कम प्रथम पडली. बाकीची मागाहून आली. रोजमुरा घ्या, बाकी पुढें पाहूं, हें वाक्य त्या दिवशीं कोणीं उच्चारलें नसेल. वहींतील नोंद मात्र तशीच पडली.

अशा विषयांत अस्सल कागदांवांचून बोलणें फुकट आहे. गारद्यांचा हिशेब आज आपणांस तपासतां येतो, कारण कोणा कारकुनानें तो लिहिला व कोणाच्या माळ्यावर तो राहिला. २०२१-२२ च्या संपाचे कागद अजून माणसांच्या कपाटांत आहेत, पण ते झपाट्यानें रद्दींत जात आहेत. निलंबनाचे व बडतर्फीचे आदेश, कामावर रुजू होतांना लिहून दिलेले अर्ज, फाटकावर वाटलेलीं पत्रकें, उसनवारीच्या चिठ्या, भ्रमणध्वनीवरील निरोपांचे छापलेले उतारे, हें सर्व जमविण्यासारखें आहे. विशेषतः वणी, नांदुरी व सप्तशृंगगड येथील वाहतूक नियंत्रकांच्या नोंदवह्यांचीं ता. ७ ते २२ एप्रिल २०२२ मधील पानें कोणाच्या पाहण्यांत आल्यास त्यांच्या नकला अवश्य करून ठेवाव्यात. कोणत्या आगाराची पहिली गाडी कोणत्या तिथीस गडाच्या घाटांत चढली, हें त्यांवरून ठरेल.